तिथी पाहून निघावे: दाभोळ ते गोवळकोट

दाभोळच्या जेटीवरून चिपळूणजवळच्या गोवळकोटकडे निघालेली सहलीची होडी वाटेत बंद पडली की सगळा दोष इंजिनाच्या माथी येतो. तांडेल झाकण उघडतो, कुणीतरी ‘एअर घेतली असणार’ म्हणून मोकळा होतो, पाहुणे मोबाईलची रेंज शोधू लागतात आणि मगरी दाखवण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला जातो. इंजिन बंद पडले हे खरेच असते. पण वाशिष्ठीच्या खाडीत ते कुठे, कोणत्या वेळी आणि कशामुळे बंद पडते हे जुळवून पाहिले तर पुष्कळदा यंत्रापेक्षा निघण्याची वेळ चुकलेली असते. दाभोळ ते चिपळूण हा पाण्याचा रस्ता निदान पाचशे वर्षे भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालला. या काठावरची बंदरे, किल्ले आणि बाजार त्याच हिशेबाने वसले. डिझेल आले आणि तो हिशेब आपण टाकून दिला. सहलीतल्या खोळंब्यांचे मूळ तिथे आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी पुरावा याच खाडीने ठेवला आहे.

आधी यंत्राकडेच पाहू. अशा होडीचे इंजिन थंड ठेवायला खाडीचेच पाणी आत ओढले जाते. ओहोटी सरत आली की पात्राच्या मध्ये एक अरुंद चर तेवढा खोल राहतो, बाकी सगळीकडे गाळ वर येतो. तिथून जाताना पाण्याबरोबर चिखल, पालापाचोळा, प्लॅस्टिकची पिशवी असे जे असेल ते ओढले जाते, पंपाचे रबरी चाक झिजते, इंजिन तापते आणि शहाणा तांडेल ते स्वतःच बंद करतो. लहान आउटबोर्ड इंजिनाच्या पंख्याला एक नरम पिन मुद्दाम बसवलेली असते, म्हणजे पंखा वाळूत आपटला तर पिन तुटावी आणि दातेरी चाके वाचावीत. ती पिन तुटते ती कमी पाण्यातच. तिसरे कारण जाळ्यांचे. भर पाण्यात होडीला जाळ्यांना वळसा घालायला जागा असते. सुक्तीला, म्हणजे पुऱ्या ओहोटीला, मच्छीमार, जाळी आणि पाहुण्यांची होडी सगळे त्या एकाच चरात येतात आणि पंख्याला जाळे गुंडाळते. आता जुनी बॅटरी, कुजलेली नळी, टाकीच्या तळाशी साचलेले पाणी यांना भरती-ओहोटीशी काही देणेघेणे नाही, हा आक्षेप रास्त आहे. अशी होडी पौर्णिमेच्या उधाणातही बंद पडेल, आणि त्यासाठी मालकालाच धारेवर धरले पाहिजे. पण गाळ, वाळू आणि जाळे ही तीन कारणे एकाच वेळी एकाच जागी गोळा होतात, आणि ती वेळ आधी ठाऊक असते.

खाडीचे मुख पाहिले की वेळेला इथे किती मान होता ते कळते. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड, मध्ये वाहनांना घेऊन धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट. दाभोळचे वैभव फार जुने. बहमनी राज्याचे हे मोठे बंदर. इराणातून आलेला महमूद गावान १४५३ च्या सुमारास इथेच उतरला आणि पुढे त्या राज्याचा वजीर झाला. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकीतिन दक्षिणेत हिंडून झाल्यावर १४७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत इथूनच होर्मुझला जाणाऱ्या जहाजावर चढला, आणि त्याचे जहाज आधी जाऊन लागले ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला. समुद्रावर वारा मालक होता, माणूस नव्हे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याने दाभोळ जाळले, कत्तल केली आणि तिथून दीवच्या लढाईला गेला. त्यातून गाव पुन्हा उभे राहिले, विजापूरकरांच्या हाती मक्केच्या यात्रेकरूंचे बंदर म्हणून गजबजले.

काठावर जी शाही मशीद आज दिसते ती १६५९-६० ची. विजापूरची राजकन्या आयेशाबीबी मक्केला निघाली, इथे येऊन प्रवास अडला, आणि यात्रेसाठी आणलेले धन तिने या मशिदीला लावले, अशी परंपरा सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, दाभोळच्या लोकांना ती पटली हे महत्त्वाचे. अडकून पडणे हा या गावाच्या व्यवहाराचाच भाग होता. पावसाळा सरण्याची वाट पाहणारे व्यापारी, अनुकूल वाऱ्याची वाट पाहणारे यात्रेकरू, भरतीची वाट पाहणारे मचवे यांच्यावर सराया, वखारी आणि दुकाने जगत. आजच्या सहलीत थांबणे म्हणजे पैसे परत मागण्याचे कारण. त्या काळी थांबण्याचा खर्च हिशेबातच धरलेला असे.

खाडीतून आत शिरले की कांदळवन दोन्ही बाजूंनी जवळ येते, जगबुडी उत्तरेकडून येऊन मिळते आणि पाण्याचा रंग मातकट होत जातो. इथून पुढच्या प्रवासाचा खरा प्रश्न असा की चिपळूण नेमके तिथेच का? उत्तर पाण्यात आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर भरलेली होडी जाते. त्यापुढे बैल लागतात. वाशिष्ठीवर ही जागा गोवळकोटचा धक्का. तिथे माल उतरे, चिपळूणच्या बाजारात हात बदले आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई. देशावरचा माल त्याच वाटेने खाली येई. सावित्रीवर महाड, जगबुडीवर खेड, अर्जुनेवर राजापूर हे सगळे बाजार असेच खाडीच्या शेंड्याला बसले आहेत, समुद्रकाठी नाहीत. यावर कुणी म्हणेल की बाजार घाटांमुळे झाले, भरतीचा काय संबंध? पण घाटाची वाट खाली कोणत्याही गावात उतरवता आली असती. ती चिपळुणात उतरली, कारण खांद्यावरचे ओझे शक्य तितक्या आत पाण्यावर टाकणे स्वस्त होते. घाटाने दिशा ठरवली, जागा भरतीने ठरवली. किल्लेही तेच सांगतात. मुखाशी अंजनवेल, शेंड्याला करंजेश्वरीच्या देवळावरचा गोवळकोट. हे दोन हाती असले की मधल्या पाण्यावर जकात आपली. जंजिऱ्याच्या सिद्दीने ते दोन्ही धरले होते आणि १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी दोन्ही घेतले. एकाला गोपाळगड, दुसऱ्याला गोविंदगड नाव दिले. एकच घेऊन भागण्यासारखे नव्हते.

मग ही वाट लोक चालत कशी? हिशेब सोपा होता आणि अजून उपयोगी आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ तासांत मिळते, हा कोकणातला जुना ठोकताळा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. जागेप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. दाभोळला भरती मुंबईच्या जराशी आधी येते आणि गोवळकोटला दाभोळच्या मागून पोचते. हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. भरती वर सरकत जाते, म्हणून तिच्याबरोबर निघालेल्या होडीला एका जागी उभ्या असलेल्या माणसापेक्षा जास्त वेळ चढते पाणी मिळते. आता तृतीया घ्या. भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, म्हणजे पाणी चढू लागते सकाळी आठला. आठला दाभोळ सोडले तर प्रवाह पाठीशी, दुपारी समुद्रावरून येणारा वाराही पाठीशी, आणि पात्र तासातासाला खोल होत जाणारे. इंजिन थांबले तरी होडी गोवळकोटच्याच दिशेने सरकते, गाळात बसली तरी अर्ध्या तासाने आपोआप तरंगते. तीच सहल अष्टमीला सकाळी नऊला काढा. सकाळी सहाची भरती केव्हाच ओसरलेली, भांगाचे दिवस म्हणून ती मुळातच लहान, आणि भर दुपारी पात्र सर्वांत रिकामे. होडी तीच, तांडेल तोच, डिझेल तेच. त्या दिवशी गाळात बसलेली होडी दुपार कलेपर्यंत तिथेच, उन्हात.

इंजिनाने भरतीवर मात केली नाही काय, हा यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप. आगबोटींनी केली ना? कोकणच्या आगबोटी दाभोळला लागत, पण त्या लागत मुखाशी, जिथे पाणी बारा महिने खोल. वरच्या खाडीतली ने-आण लहान होड्यांची होती आणि ती पाण्याची वेळ पाहूनच चाले. या मार्गाला हरवले ते मोटाररस्त्याने, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर उरलेसुरले प्रवासीही गेले. २०१६ च्या कायद्याने दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा ४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झाला. कागदावर तो सलग आहे. ओहोटीला मात्र नाही. त्यात आता दुसरे एक वेळापत्रक मिसळले आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज करते आणि शेवटी वाशिष्ठीत येते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. विजेची मागणी वाढली की पाणी वाढते. चिपळूणजवळच्या पात्राला आज चंद्राबरोबर वीजकेंद्राचेही ऐकावे लागते. त्यामुळे जुना ठोकताळा मोडीत निघत नाही, त्याला एक पुरवणी लागते. २०२१ च्या महापुरानंतर गाळ काढण्याचे काम झाले, तरी दर पावसाळ्यात नदी नवा गाळ आणतेच.

जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. शिडाच्या काळात माणसे बुडत, लुटली जात, महिनोन् महिने अडकत. आणि भरती जशी तारते तशी ओहोटी मारतेही: मुखाजवळ इंजिन बंद पडलेली होडी ओहोटीत उघड्या समुद्राकडे ओढली जाते, तिथे लाटा फुटतात. म्हणूनच तर वेळेचा आग्रह. इंजिन हवेच, ते होडीला प्रवाहाविरुद्ध उभे राहायला, जाळे चुकवायला, संकटातून निघायला हवे. सरत्या ओहोटीत चाळीस किलोमीटर चिखल ढवळत जायला नव्हे. देशाच्या आतल्या पाण्यातल्या होड्यांसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला, नोंदणी-तपासणी-सुरक्षा साधने यांच्या तरतुदी आल्या. चांगलेच झाले. पण तपासणीत उत्तम ठरलेली होडीसुद्धा अष्टमीच्या दुपारी गाळातच बसेल.

सहल चालवणारे सांगतील की लोक शनिवारी-रविवारी येतात, तिथी पाहून नाही. परतीची गाडी ठरलेली असते. मान्य. पण रोज दोन भरत्या येतात, तेव्हा वार बदलायचा नसून तास बदलायचा आहे. ज्या शनिवारी दिवसाउजेडी चढते पाणी पुरेसे मिळत नाही, त्या दिवशी पूर्ण वाट विकूच नये. दाभोळ, अंजनवेल आणि मुखाजवळची मशीद एवढ्यात दिवस भरतो, आणि मगरी तर ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावरच ऊन खात दिसतात, त्यासाठी गोवळकोटहून छोटी फेरी पुरे. पर्यटकानेही एवढे करावे: होडी ठरवताना भाड्याच्या आधी त्या दिवशीच्या भरतीची वेळ विचारावी, आणि उत्तर नीट देता आले नाही तर दुसरा तांडेल शोधावा. चढण्यापूर्वी वल्हे, नांगर आणि प्रत्येकाच्या अंगाला बसेल असे जाकीट होडीत आहे का, ते जेटीवरच पाहून घ्यावे.