दारात सांगितलेली भाषा

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी आमच्या धुळ्याच्या घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "मातृभाषा?" वडील लगेच म्हणाले, "मराठी." मी उठून बाहेर निघालो तेवढ्यात आतून आजीची हाक आली, "कथा जाई राह्यना?" तिला अहिराणीशिवाय दुसरं काही बोलताच येत नसे, आणि घरात आम्हीही तीच बोलायचो. गुरुजींनी घरातल्या सहाही जणांच्या नावांपुढे मराठी लिहिलं.

पुढे समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी दुय्यम साधनं चाळताना खानदेशीचे आकडे सापडले. जनगणना अहिराणीला याच नावाखाली धरते. देशभरातले भाषक १९९१ मध्ये ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. त्यावरून भाषेच्या चढउताराचा आलेख मी काढलाही होता. पण दहा वर्षांत भाषा जन्मांनी दुप्पट कशी होईल? आणि पुढच्या दहांत दोन लाख माणसं बोलायची थांबली कशी? दारात कुणी काय सांगितलं, कागदावर ते कुठल्या नावाखाली गेलं, तेवढंच त्यात मोजलेलं होतं. आलेख मी फाडला.

समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवरचा अभ्यास सरकारी आकडेवारीवर उभारला. पुढच्या अभ्यासकांनी विचारलं, मृत्यूला आत्महत्या म्हणायचं हे ठरवलं कुणी? तोच प्रश्न आमच्या ओट्यावरही होता.

ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशी भिल्ली बोलींशेजारी आहे. नमुन्यासाठी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीतून उतरवून मागवली होती. ती पानं मला फार मोलाची वाटतात. पण मळ्यात, चुलीपाशी माणसं काय बोलत होती, ते त्या गोष्टीतून ऐकू येत नाही.

जळगावकडे आणखी गुंता. आसोद्याच्या बहिणाबाईंना कितीतरी लेख सरसकट अहिराणी कवयित्री म्हणतात; त्यांची बोली लेवा गणबोली. एकाने लिहिलं, पुढच्याने तसंच उतरवून घेतलं. आसोद्याला जाऊन नुसतं ऐकलं असतं, तरी कळलं असतं. याचा मला राग येतो.

वडिलांना मात्र रागावता आलं नाही. मराठी का सांगितलंत, असं विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शाळेत याच बोलीवरून हसायचे रे. सरकारी माणसापुढे ती कशी सांगायची?"

प्रबंधात १८ लाख ६० हजार हा आकडा आहे. आजी त्यात नाही.