भोरड्या निघाल्या



आज ऊस, खोडवं, गुऱ्हाळ यातलं काही नाही. रविवारी पोरीनं कुंभारगावला नेलं होतं, त्याची नोंद. ती कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "पप्पा, मार्च लागला. पाखरं परत निघायच्या आत बघून येऊ."

पहाटे पाचला राहू सोडलं. चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण करत दिवस उगवता उजनीच्या काठाला लागलो. आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी पुढं इथं येऊन साठतं. म्हणजे आपल्याच बांधाकडनं गेलेलं पाणी.

होडीत बसलो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी घालून चिखल गाळत होते. शेकाटे, चक्रवाक, थापट्या बदकं पाहिली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंबही थोडे होते. ते हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडं जातात. नावाडी म्हणाला, "थंडीत लई होते दादा. आता रोज थोडे थोडे उठत्यात."

दुपारी गावात मासे-भाकरी खाल्ली. निघणार होतो, पण पोरगी म्हणाली, दिवस मावळेपर्यंत थांबा. थांबलो ते बरं झालं. आधी एक थवा आला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळं आभाळ भोरड्यांनी भरलं. एकदम वळायच्या, धुरासारख्या पसरायच्या, पुन्हा गोळा व्हायच्या. आणि एका झटक्यात काठच्या झुडपांत उतरल्या. नुसता कलकलाट!

मला बोलायला सुचेना. कारण भोरडीशी माझा जुना हिशोब आहे.

लहानपणी आमच्याकडं शाळू असायचा. माळ्यावर उभं राहून वडील गोफण फिरवायचे, मी डबा वाजवायचो. पुढं ऊस वाढला, शाळू गेला, माळाही गेला. दहा-बारा वर्षांमागं हरभऱ्यावर घाटेअळी पडली. मी मोनोक्रोटोफॉस मारलं, तेही कुणाला न विचारता डोस वाढवून. दुसऱ्या दिवशी सरीत भोरड्या आणि धोबी मरून पडलेले. विषारी अळ्या खाल्ल्या असणार. वडिलांनी खड्डा घेतला, सगळी पाखरं पुरली आणि एवढंच बोलले, "आम्ही हाकलत होतो रं, मारत नव्हतो."

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते वाक्य अजून गेलेलं नाही.

येताना गाडीत पोरीनं सांगितलं, की ह्या भोरड्या मध्य आशियात जाऊन पिल्लं काढतात आणि तिथं टोळ खातात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आवरायला औषधाऐवजी भोरडीला घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग रचून देतात. आपण जिला दाणे खाणारी म्हणून शिव्या देतो, तिला तिकडं कामाला ठेवलीय. दाणे खाते हे खरंच आहे, शाळूवाल्याचं नुकसान मी नाकारत नाही. पण अळीही तीच खाते.

तर पुढच्या रब्बीचं ठरवलंय. हरभरा पेरताना बियाण्यात मूठ-दोन मूठ ज्वारी मिसळायची, म्हणजे उंच ताटावर पाखरू बसेल. एकरी 20 पक्षी थांबे लावायचे. बांबूच्या काठीला आडवी काठी बांधली की झालं. कामगंध सापळे लावायचे. अळी मोजायची आणि गरज पडली तरच, शिफारशीच्या डोसानं फवारायचं. घाटे पक्व व्हायला लागले की थांबे काढून घ्यायचे, नाहीतर पाखरं दाण्यावर उतरतात.

आणि बांधाकडंला चार तासं शाळू. विकायला नाही. त्यातलं निम्मं भोरड्यांचं.

तुमच्याकडं अजून दिसतात का भोरड्या? कोणत्या पिकात, किती वाजता, जरूर लिहा.