ट्रकच्या काट्यांमागचे लाकूड

वाशिमच्या मालेगावकडून मेहकरला येताना डोणगाव लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याआधी नागपूरचा माल मुंबईकडे नेणाऱ्या कितीतरी ट्रकांची वाट याच रस्त्याने होती. रस्त्याकाठच्या गावांनी ट्रक पाहिला तो बाहेरून: लांब नाकाचे बॉनेट, रंगवलेले फाळके, मागची अक्षरे. आतली जागा ड्रायव्हरची आणि क्लीनरची. तिथे रात्रभर ड्रायव्हरला साथ असे ती स्टिअरिंगमागच्या मीटरांची. एक काटा वेगाचा, एक ऑईलचा, एक पाण्याच्या हीटचा, शिवाय चार्जिंगचा आणि डिझेलचा. हे मीटर ज्या पाटीत बसतात ती पाटी आज जुन्या ट्रकमध्ये बहुधा गंजलेली, नाहीतर कोणीतरी वेडीवाकडी कापलेली सापडते. माझे म्हणणे असे, की ती नव्याने करायची वेळ आली तर लाकडाची करावी आणि गावच्या सुताराकडून मापाने करून घ्यावी. यात शोभेचा भाग थोडा आहे. खरा आधार आपल्याकडच्या ट्रकच्या इतिहासाचा आहे.

हा इतिहास आपण कारखान्याच्या फाटकापाशीच संपवतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. पण ट्रक म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती पडे ती बहुधा नुसती चासी: इंजिन, चाके, स्टिअरिंग, पुढचा पत्र्याचा भाग आणि त्यात बसवलेले मीटर. केबिन, हौदा, फाळके हे सारे बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात उभे राही. आधी सुतार लाकडाचा सांगाडा करी, मग त्यावर पत्रा ठोकला जाई, पेंटर शेवटी येई. बसचेही तेच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली, त्या सुरुवातीच्या काळातल्या बसच्या बॉड्या लाकडीच असत. म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचे छप्पर, कोपराखालचे दार, पाठीमागची फळी सुताराच्या हातची, आणि डोळ्यांसमोरचा हातभर पत्रा तेवढा कारखान्याचा. तो पत्रा कुजून गेल्यावर त्याच सुताराने आणखी एक पाऊल पुढे टाकले, तर त्यात परके काय आहे?

मीटर चालतात कसे ते पाहिले की हा दावा अधिक पक्का होतो. जुन्या यांत्रिक ऑईल मीटरात एक वळवलेली चपटी नळी असते. तेलाचा दाब वाढला की ती उलगडू पाहते आणि तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजेन बुर्दों यांची ही युक्ती १८४९ ची. वेगाच्या मीटरात गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळू लागते आणि बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचे पेटंट घेतले. प्रत्येक मीटर आपल्या डबीत स्वतंत्र, मागून पट्टीने पाटीला आवळलेला. एक बिघडला तर तेवढाच काढायचा, मूळचा मिळाला नाही तर दुसऱ्या बनावटीचा बसवायचा. बदलते ते फक्त भोकाचे माप. पत्र्याची हुबेहूब पाटी दाबून काढायची तर डाय लागतो आणि एका ट्रकसाठी डाय कोणी करत नाही. लाकडात हेच काम करवत, पटाशी आणि कानस यांनी होते. भोक चुकले तर तुकडा सांधून पुन्हा पाडता येते. दुरुस्त होत राहणाऱ्या यंत्राला दुरुस्त होणारीच पाटी शोभते.

यावर जाणकार दोन हरकती घेतील. पहिली अशी, की मूळ ट्रकमध्ये तिथे पत्रा होता. लाकूड लावणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी. मूळ पाटी टिकून असेल तर ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. ती काढून लाकूड बसवणे ही मोडतोडच. मी बोलतो आहे ते जिथे ती उरलेलीच नाही अशा ट्रकविषयी. दुसरी हरकत अशी, की लाकडी डॅशबोर्ड हा रोल्स-रॉईस आणि जॅग्वारचा थाट, ट्रकला तो कशाला? पण ट्रकमधले लाकूड श्रीमंतीतून आलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई पडली, तेव्हा सोव्हिएत रशियाने झिस-५ या ट्रकची केबिनच फळ्यांची केली आणि तो ट्रक आघाडीवर राबला. त्याही आधी घोडागाडीच्या पुढे डॅशबोर्ड म्हणून जी फळी असे ती खुरांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी. कष्टाच्या गाडीत लाकूड असे गरजेपोटीच आले आहे. म्हणून ट्रकच्या पाटीला आरशासारखे पॉलिश करू नये. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड तिच्यावर चमकून डोळ्यांत जातो. रंधा फिरवून मंद तेलपॉलिश द्यावे, एवढे पुरे.

खरी कठीण हरकत हवेची. वऱ्हाडात मे महिन्यात काचेमागची फळी भाजून निघते आणि जुलैत ओल पिते. लाकूड फाटणार, वाकणार. हे खरे आहे, आणि म्हणूनच लाकडाची निवड व बांधणी महत्त्वाची. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवे मात्र आकसते आणि फुगते. त्यामुळे स्क्रूची भोके आडव्या दिशेने थोडी लांबट ठेवावी लागतात आणि फळीच्या दोन्ही बाजूंना सारखेच पॉलिश द्यावे लागते. जुना साग यात भरवशाचा. तो कमी आकसतो, त्याच्या अंगात तेल असते आणि त्यातला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. समुद्र सोसणारे लाकूड मेहकरचा उन्हाळाही सोसेल. विजेची अडचण वेगळी आहे. पत्र्याच्या पाटीतून मीटरला अर्थिंग आपोआप मिळते, लाकडातून मिळत नाही. तेव्हा विजेच्या प्रत्येक मीटरला आणि दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर चासीपर्यंत न्यावी लागते आणि पुरवठ्याच्या वायरीवर फ्यूज हवाच. हे काम टाळून बसवलेली पाटी कितीही देखणी असली तरी धोक्याची. आणि यासाठी झाड तोडावे असे कोणी म्हणू नये. पाडलेल्या वाड्याची तुळई, मोडक्या फाळक्याची फळी एवढ्यात पाटी निघते. आणि ज्या हातांनी बैलबंडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे नेमके बसवले, त्यांना पाच गोल भोके अवघड नाहीत.

एवढे करायचे कोणासाठी, हा प्रश्न उरतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापरातल्या दुचाक्या आणि मोटारी यांना त्यात वेगळी नोंदणी मिळते. माल वाहिलेला ट्रक त्यात बसत नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते आणि कापूस, ज्वारी, सिमेंट वाहून ज्याने मुलूख उभा केला तो ट्रक भंगारात तोलला जातो. दुसरीकडे नव्या ट्रकची केबिन कारखान्यातून पूर्ण बनून येऊ लागली आहे. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. ड्रायव्हरला हा गारवा फार आधी मिळायला हवा होता, त्याचे स्वागतच आहे. पण त्याबरोबर ट्रकमधला सुताराचा वाटा संपत चालला आहे, आणि तो कुठल्याच दप्तरात लिहिलेला नाही. तो दाखवता येईल तो जुन्या ट्रकमध्येच. म्हणून व्हिंटेजच्या नियमांत मालवाहू गाड्यांना जागा मिळावी. आणि ज्याच्या दारात असा ट्रक उभा आहे त्याने तो भंगारात देण्याआधी मीटर उतरवून घ्यावेत, पाटीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवावा आणि गावातल्या सुताराला एकदा विचारावे. हा ट्रक आपल्याकडे ज्यांनी घडवला त्यांत सुतारही होता, एवढे तरी त्या पाटीवरून पुढच्यांना कळेल.