सांगून टाकण्याची घाई

प्रश्न विचारल्यावर गप्प कसं राहायचं, हे मला अजून नीट जमत नाही. वर्ग ताब्यात ठेवणं, कच्च्या मुलाला भागाकारापर्यंत आणणं हे अंगवळणी पडलंय. पण प्रश्न विचारून झाला, वर्ग शांत झाला, की ती शांतता मला सोसत नाही. ‘एकक स्थानी काय आहे बघा’ असं काहीतरी मी बोलून जातो आणि विचार करायचं मुलांच्या वाट्याचं काम मीच उरकून टाकतो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले, की उत्तरं लांबत, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागत. तीन सेकंद किती मोठे असतात, हे चाळीस डोळे रोखलेले असताना फळ्यापाशी उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

गेल्या वर्षी माझा घसा बसला तो नीट सुटलाच नाही. डॉक्टरांनी बोलणं निम्म्यावर आणायला सांगितलं. त्याच सुमाराला सातवीच्या वर्गात मी कापरेकरांचा तास घेतला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवत होते. ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वजाबाक्यांत सगळे तिथेच पोहोचतात.

हा माझा हुकमी तास. शेवटी फळ्यावर ६१७४ लिहायचं, वर्गातून ‘ओऽऽ’ उठायचं, आणि ते ऐकण्यासाठीच मी हा तास घेत होतो. ‘सर भारी शिकवतात’ या वाक्याची मला भूक आहे, आजही आहे. पण तो ‘ओऽऽ’ माझ्यासाठी असायचा. दुसऱ्या दिवशी कुणी एक प्रश्नही घेऊन यायचं नाही.

त्या दिवशी आवाज फुटत नव्हता म्हणून शेवटचा आकडा लिहायचा राहिला. वर्ग नुसता वजाबाक्या करत बसला. कडेच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज अठराच येतेय.’ पलीकडून एक मुलगा उसळला, ‘माझी सत्तावीस आलीय!’ त्याने २१११ घेतली होती, उत्तर ०९९९. मग दोघांत भांडण, वह्यांची ओढाओढ, सगळा वर्ग फळ्याजवळ. नऊचा पाढा त्यांनीच हुडकला. अंक क्रमाने मांडल्यावर मधले दोन सारखे असले की सत्तावीस, नाहीतर अठरा, हे दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरून मांडून घेऊन आली. इतकी वर्षं हे गणित करून दाखवताना मी ती बेरीज कधी केलीच नव्हती.

हल्ली शाळांतून प्रेरणादायी वक्ते बोलावतात. तासभर टाळ्या वाजतात, मुलं भारावून बाहेर पडतात, पण वही कुणाची उघडत नाही. शिष्यवृत्तीच्या क्लासांत तर उत्तराची युक्ती आधी, प्रश्न नंतर. त्या क्लासवाल्यांवर मी पुष्कळ बोललो आहे. पण मुलाच्या आधी उत्तरापाशी पोहोचायची घाई त्यांना आहे तशीच मला आहे. प्रेरणा देणारा शिक्षक व्हायचं तर आधी मुलांच्या नजरेतला आपला मोठेपणा सोडावा लागतो. तो सोडणं मला घशाच्या दुखण्यापेक्षा जड जातंय.

घसा आता बराच सुधारलाय, आणि घाई परतलीये. परवाच अपूर्णांकांच्या तासाला मी पुन्हा मध्ये बोललो.

म्हणून गणित घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. कापरेकरांचा हा तास जरूर घ्या, पण ६१७४ फळ्यावर लिहू नका. आणि अठरा-सत्तावीसचं तर मुलांना अजिबात सांगू नका.