आईची उठबस

गंगाखेड, जि. परभणी

सौ. ताईस,


आईला आता बसवून ठेवा, कामाला बाई लावा, पैसे पाठवते, असं तू लिहिलंस. त्याआधी तिचा दिवस ऐक.

पहाटे अंगणात सडा. मग गोदावरीकाठी जनाबाईंचं दर्शन. दुपारी तूर निवडते, संध्याकाळी गिरणीतून दळण आणते आणि येताना चार घरांची खबरबात घेऊन येते. व्यायाम हा शब्द तिच्या तोंडी कधी येत नाही.

शिकागोच्या संशोधकांनी असल्याच हालचाली मोजल्या. 454 वृद्धांना हयातीत यंत्र लावलं होतं, मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. 2019 साली निष्कर्ष आले. ज्यांची दिवसभराची उठबस जास्त, त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती सरस होती. मेंदूत अल्झायमरच्या खुणा किती आहेत हे हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. ब्रिटनमध्ये 78,430 जणांची पावलं मोजली गेली. रोज सुमारे 3,800 पावलं चालणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका पाव हिश्श्यानं कमी दिसला, 9,800 च्या आसपास तो निम्म्यावर आला. अर्थात आजाराची सुरुवात झाली की माणूस आपोआपच कमी हिंडतो, त्यामुळे आधी काय आणि मागून काय, हे अशा पाहणीतून पक्कं ठरत नाही.

आजीच्या काळी जातं होतं. हात खुंटा ओढायचे, डोकं ओवी जुळवायचं, समोरची जोडीदारीण ती पुढं न्यायची. अंग, आठवण आणि माणसं एकाच कामात गुंतलेली असत.

तरी नुसत्या कष्टानं भागत नाही, ताई. देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. खेड्यांत तो शहरांपेक्षा जास्त आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. खेड्यातल्या बाईइतकं राबतं कोण? पण तिच्या वाट्याला शाळा आली नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 साली टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. बैठेपण त्यातलं एक. कमी शिक्षण, एकटेपणा आणि कमी ऐकू येणं हीसुद्धा त्यातलीच.

शेवटचं कारण आपल्या घरात शिरलंय. परवा कीर्तनात आई अगदी पुढं जाऊन बसली, तरी बुवा काय म्हणाले ते तिनं घरी येऊन विचारलं.

तेव्हा सडा तिचा तिलाच घालू दे. पैसे पाठवायचेच असतील तर कानाच्या यंत्रासाठी पाठव.

तुझा धाकटा भाऊ