रॉचडेलचा कारभारी

फुटबॉल प्रशिक्षणाच्या अभ्यासात माझी वीस-बावीस वर्षे गेली आणि त्यांतील बराच काळ इंग्लंडमधील क्लबांच्या नेमणुका पडताळण्यात खर्ची पडला. या विषयाचा विचार करू लागलो की प्रथम आठवतात ते टोनी कॉलिन्स. 1960 साली चौथ्या श्रेणीतील, तुटपुंज्या खजिन्याच्या रॉचडेल क्लबाचा कारभार त्यांच्या हाती आला. ते फुटबॉल लीगमधील पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक. आणि दोनच वर्षांत त्यांनी तो संघ लीग कपच्या अंतिम फेरीत नेला. तेथे नॉर्विचकडून हार झाली खरी, परंतु त्या श्रेणीतील संघाने तेथवर मजल मारावी, हे व्यवस्थापकाच्या कर्तृत्वाचे याहून सबळ प्रमाण कोणते? 1967 मध्ये त्यांनी रॉचडेल सोडल्यानंतर लीड्सचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांच्यासारख्या नामांकितांनी प्रतिस्पर्धी संघांची सूक्ष्म टिपणे त्यांच्याकडून करवून घेतली. कायम व्यवस्थापकपद मात्र त्यांना पुन्हा लाभले नाही. किथ अलेक्झांडर हे कृष्णवर्णीय प्रशिक्षक लिंकन सिटीच्या व्यवस्थापकपदी आले तेव्हा 1993 साल उजाडले होते.

2022 च्या एका अहवालानुसार प्रीमियर लीगच्या खेळाडूंत कृष्णवर्णीय सुमारे 43 टक्के, प्रशिक्षणाचा सर्वोच्च परवाना मिळविलेल्यांत सुमारे 14 टक्के, आणि व्यवस्थापकीय पदांवर अवघे 4 टक्क्यांच्या आसपास. पात्रताच नाही, हा आक्षेप मधल्या आकड्यापाशीच निकालात निघतो.

मग माणसे अडतात कोठे? एका लहान क्लबाच्या कचेरीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शनिवारच्या पराभवानंतर व्यवस्थापक बडतर्फ झाले. सोमवारी सकाळी त्यांच्या दारावरील नावाच्या पाटीचे स्क्रू निघत असताना आतल्या दालनात संचालक दूरध्वनीवर जुन्या परिचितांशी बोलत होते, आणि बुधवारी नवे गृहस्थ रुजू झाले. जाहिरात नाही, अर्ज नाही. खिडकीतून दिसणाऱ्या मैदानावर, तोच सर्वोच्च परवाना असलेले एक कृष्णवर्णीय साहाय्यक प्रशिक्षक कुमार संघासाठी शंकू मांडीत होते. दुपारी त्यांनी मला विचारले, “अर्ज करायचा म्हटले, तर तो कोणाकडे द्यायचा?” मजजवळ उत्तर नव्हते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये 2003 पासून रूनी नियम आहे. त्याच धर्तीवर इंग्लिश फुटबॉल लीगनेही मुलाखतीस अल्पसंख्य समाजातील किमान एक उमेदवार बोलावण्याचा दंडक 2016 पासून प्रयोगादाखल आणि पुढे सर्व क्लबांस लागू केला. हेतू स्तुत्य आहे. परंतु हा दंडक रीतसर निवडप्रक्रिया चालविणाऱ्या क्लबालाच बांधतो, आणि व्यवस्थापक तर पुष्कळदा भर हंगामात, घाईगर्दीत बदलले जातात. ओळख आणि शिफारस यांचेच राज्य जेथे चालते, तेथे तो दप्तरातच राहतो. हंगाम चालू असो वा संपलेला, जाहिरात, अर्ज आणि मुलाखत यांवाचून झालेली कोणतीही कायम नेमणूक लीगने मंजूर करू नये, अशी माझी मागणी आहे.