अवयवकल्प

२०१३ साली व्हिएन्ना येथे मॅडलिन लँकास्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी मानवी मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे गोळे वाढविले. आकार फार तर चार मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा. वृत्तपत्रांनी बारसे लगोलग उरकले : ‘मिनी-ब्रेन’, चिमुकला मेंदू. पाळण्यातले नाव एकदा रुळले की पुसले जात नाही, हा घरोघरचा अनुभव.

शास्त्रज्ञांची संज्ञा ‘ऑर्गनॉइड’. तिला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याने पाणिनीचे तद्धित प्रत्यय आठवावेत. ‘वृक्षक’ म्हणजे लहान झाड. ‘अश्वक’ म्हणजे घोड्याची प्रतिकृती. ‘पटुकल्प’ म्हणजे पटुत्वाला किंचित उणा. पहिला अर्थ येथे लागू पडत नाही. लहान झाड हे पुरते झाडच असते; या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो वाढू लागला की गाभ्यातील पेशी प्राणवायूअभावी मरतात. दुसराही लागू नाही, कारण हे कोणी कोरलेले नाही. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एकेक मूलपेशी उंदराच्याच अर्बुदापासून काढलेल्या जेलमध्ये ठेवली आणि वाढीस लागणारी मोजकी प्रथिने पुरविली. आतड्याच्या अस्तरातील खाचांसारखे आणि उंचवट्यांच्या अस्तरासारखे भाग त्या पेशीने साच्यावाचून आपले आपण घडविले. उरतो ‘कल्प’. त्यात उणीव आहे, नक्कल नाही.

हा केवळ वैयाकरणी विलास नव्हे. व्हिएन्नातील काही गोळे ज्या पेशींपासून झाले, त्या जन्मतःच डोके लहान राहिलेल्या एका रुग्णाच्या त्वचेतून आल्या होत्या. ते गोळेही लहानच राहिले : ज्या पेशींनी आधी आपली संख्या वाढवावयाची, त्या वेळेपूर्वीच चेतापेशी बनून गेल्या आणि पुढचे भांडवल सरले. उंदरात हा विकार नीट उतरतच नव्हता. २०१६ मध्ये झिका विषाणू नेमक्या अशाच पेशींवर घाला घालतो, हेही अशा गोळ्यांनी दाखविले. नेदरलँड्समध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या आतड्यापासून वाढविलेले गोळे औषधाने फुगतात की नाही, यावरून ते औषध त्याला लागू पडेल का, हे अजमावता येते. त्यांना कोणी ‘चिमुकले आतडे’ म्हटले तर कोणाची झोप उडत नाही. मेंदूचे तसे नाही. आपल्या लेकराच्या त्वचेपासून बशीत ‘मेंदू’ वाढतो आहे, असे ऐकून संमतिपत्रावर सही करणारी आई आणि ‘मेंदूच्या ऊतीचा गोळा’ असे ऐकून सही करणारी आई, या दोघी एकाच गोष्टीला होकार देत नाहीत.

२०२२ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एकत्र येऊन नावांची शिस्त सुचविली आणि ‘मिनी-ब्रेन’ टाळावे असे म्हटले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे सर्जिऊ पास्का यांच्या गटाने असे मानवी गोळे रॅट जातीच्या उंदरांच्या नवजात पिलांच्या मेंदूत रोवले. तेथे त्यांना रक्तपुरवठा मिळाला, ते मेंदूच्या एका गोलार्धाचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापण्याइतके वाढले. आणि उंदराच्या मिशा हलविल्या की त्यांतील काही मानवी पेशी चेतू लागल्या.